बदनाम कार्बोरेटर

तंजावूरहून पट्टुकोट्टैला जाताना वाटेत ओरत्तनाडु लागतं. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंसाठी सरफोजीराजे दुसरे यांनी इथे आपल्या प्रेयसी मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधलं. एप्रिलच्या भर दुपारी याच रस्त्यावर एखादी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार, एमजीबी, बंद पडली, तर बॉनेट उघडणारा जो तो आधी कार्बोरेटरच्या जोडीकडे बोट दाखवील. या एसयू कार्बोरेटरची ही बदनामी मला पटत नाही. इतकं साधं यंत्र क्वचितच सापडतं, आणि पुष्कळदा गुन्हेगार दुसराच निघतो.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. लंडनमध्ये बुटांचा व्यापार करणाऱ्या घरातल्या स्किनर बंधूंनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला. पहिल्या नमुन्यांत पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता; घरचा माल! 1926 मध्ये मोटार कारखानदार विल्यम मॉरिसने कंपनी विकत घेतली. 1962 साली आलेल्या एमजीबीला असे दोन बसवले.

यात एकच जेट आणि त्यात खालीवर होणारी निमुळती सुई. इंजिन हवा ओढतं, घुमटातला पिस्टन उचलला जातो, सुई वर सरकते आणि पेट्रोलची वाट रुंदावते. घुमटाच्या मधल्या नळीत थोडं तेल असतं. ते पिस्टनला एकदम उसळू देत नाही. तेल आटलं की ॲक्सिलरेटर दाबताच हवा पुढे धावते, पेट्रोल मागे राहतं आणि गाडी अडखळते. औषध काय, तर चमचाभर तेल.

पण त्याआधी ठिणगी बघायची. पॉइंटची फट, प्लग, आणि विशेषतः कंडेन्सर: तो गरम झाल्यावर दगा देतो, थंड झाला की शहाण्यासारखा वागतो, आणि शिव्या कार्बोरेटर खातो. मग चावी फिरवून मागच्या पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकायची. ती थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे, कुठे हवा शिरते आहे किंवा पेट्रोल ओव्हर होतं आहे. फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकला असेल.

हे सगळं ठीक निघालं, तरच एसयूला हात लावावा. इंजिन चालू ठेवून पिस्टन केसभर उचलायचा. वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन मरू लागलं, तर कमी. जेटखालचा षटकोनी नट एका वेळी एकच बाजू फिरवायचा. उतावळे मिस्त्री इथेच गोंधळ घालतात.

आपल्याकडे दोन अडचणी जास्तीच्या. या इंजिनात एक्झॉस्ट कार्बोरेटरच्या खालीच असतो. मधला पत्रा कोणी काढून फेकला असेल, तर उन्हात पेट्रोल फ्लोटच्या वाटीतच उकळतं. दुसरी अडचण उसाची. ऊस तंजावूर जिल्ह्यातही आहे, कुरुंगुलमला साखर कारखानाही आहे. उसापासून इथेनॉल काढतात, आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता ते 20 टक्क्यांपर्यंत असतं. ते पाणी शोषतं, जुनं रबर खराब करतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या ट्यूनिंगवर मिश्रण पातळ पडतं.

दिलासा हा, की ॲम्बॅसॅडरचं 1489 सीसीचं इंजिन एमजीबीच्याच बी-सीरिज घराण्यातलं. ते ज्याने उघडलंय, त्याला एमजीबी परकी नाही. दोन कार्बोरेटर जुळवायला मात्र त्याला रबरी नळी कानाला लावावी लागेल: आधी एकाच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, हवेची फुसफुस सारखी होईपर्यंत.