नारळी पौर्णिमेचा क्लास

राजापूर तालुक्यातलं नाटे हे मासेमारीचं गाव. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून मोजायची. दर्याला नारळ द्यायचा तो नारळी पौर्णिमेला. आणि सोसायटीचं हिशोबाचं वर्ष उघडतं १ एप्रिलला. इथल्या एखाद्या मच्छिमार सोसायटीसाठी बोटींच्या नोंदींचा नि डिझेल परताव्याचा प्रोग्राम लिहायला घेतला, की तारखांचा हा गुंता लगेच समोर येतो. तो प्रत्येकाने नव्याने सोडवायचा, की एकदाच नीट सोडवून सगळ्यांच्या हाती द्यायचा?

क्लास लायब्ररीची, म्हणजे प्रोग्रामच्या तयार भागांच्या संचाची, कल्पना अशाच प्रश्नातून आली. ओस्लोत डाल आणि न्यूगोर यांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि वारसा आणला. १९६८ साली जर्मनीत गार्मिशच्या परिषदेत डग मॅकिलरॉय यांनी प्रोग्रामचे तयार, तपासलेले सुटे भाग मिळावेत, अशी मागणी मांडली. पुढे स्मॉलटॉक, सी++ आणि जावा यांनी ती बरीचशी पुरी केली.

आपल्या कामाची लायब्ररी म्हणजे आयसीयू. आयबीएमने १९९९ साली ती खुली केली; आज ती अँड्रॉइडमध्येही आहे. तिच्यात कालगणनेचा एक मूळ क्लास आहे आणि ग्रेगोरियन, हिब्रू, भारतीय हे त्याचे वारस. यातला ‘भारतीय’ म्हणजे २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं राष्ट्रीय शक पंचांग. ते सौर आहे. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. या क्लासच्या हिशोबाने तो दिवस होता ८ भाद्रपद! क्लास चुकलेला नाही, त्याचं नाव फार मोठं आहे. नावावर विसंबून लायब्ररी उचलणारा हमखास फसतो.

मग त्याच मूळ क्लासपासून तिथीचा नवा वारस काढावा का? माझं मत, काढू नये. अडचण अधिक महिन्याची नाही. तो हिब्रू कालगणनेतही असतो. अडचण तिथीची आहे. एक दिवस पुढे गेलं की तारीख एकाने वाढते, हे मूळ क्लासने दिलेलं वचन आहे. तिथीचा मात्र कधी क्षय होतो, कधी वृद्धी. मूळ क्लासच्या जागी वारस ठेवला तरी वापरणाऱ्याचा प्रोग्राम बिघडू नये, हा निकष बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मध्ये मांडला. तिथी त्यात बसत नाही. म्हणून पंचांगाचा क्लास वेगळा हवा: त्याने तारीख, अक्षांश, रेखांश घ्यावेत आणि तिथीच्या आरंभ-समाप्तीच्या आणि तिथल्या सूर्योदयाच्या वेळा द्याव्यात. सणाचा नियम त्याहून वेगळ्या क्लासमध्ये. ३० ऑगस्ट २०२३ला सूर्योदयी चतुर्दशीच होती, पौर्णिमा नंतर लागली. नुसती सूर्योदयाची तिथी पाहणारा प्रोग्राम नारळी पौर्णिमा ३१ तारखेला ढकलेल. खगोलाचं गणित बदलत नाही, सणांचे नियम मात्र प्रदेशागणिक बदलतात. दोन्ही एकाच क्लासमध्ये कोंबले, तर एकाला हात लावताना दुसरं मोडतं.

बाहेरून दिसणाऱ्या मेथड थोड्याच असाव्यात, कारण एकदा लोक वापरू लागले की त्या मागे घेता येत नाहीत. जावाच्या जुन्या कॅलेंडर क्लासमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना आहे. त्यामुळे असंख्य प्रोग्रामर चकले. २०१४ साली जावा ८ मध्ये तारखांचे नवे, नीटस क्लास आले. जुना क्लास तरीही काढता आला नाही.

जुना कोड तपासल्याशिवाय नव्या जागी नेणं तर घातकच. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. एरियन ४ साठी लिहिलेल्या कोडमध्ये नव्या रॉकेटच्या वेगाचा आकडा १६ बिटांत मावला नाही.

पंचांगाच्या क्लासची कसोटी आपल्याकडे छापील तयार आहे. दाते पंचांगाचे जुने अंक काढा, क्षयतिथींचे दिवस आणि अधिक मास असलेली वर्षं निवडा आणि लायब्ररीची उत्तरं त्यांच्याशी ताडून पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजांत संगणक शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: शेवटच्या वर्षाच्या मुलांना हाच प्रकल्प द्या. तो खुल्या परवान्याने, चाचण्यांसकट आणि मराठी माहितीपुस्तिकेसह प्रसिद्ध करा, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना नवा प्रकल्प न देता याचीच देखभाल सोपवा.