उंटाच्या पाठीवर मावणारं घर

वाळवंटात राहायचं तर घराचा रंग कोणता हवा? कुणीही पांढराच सांगेल. अरबस्तानातल्या बेदुइनांचा तंबू मात्र शेळीच्या केसांचा असतो, आणि तोही काळाकुट्ट! खरी करामत आहे विणीत. कापड जाड, पण वीण सैल. काळ्या केसांची सावली गडद पडते, तापलेली हवा विणीच्या बारीक फटींतून वर निसटते आणि उचलून बांधलेल्या कडांखालून वारा आत येतो. बेदुइन भर उन्हात काळे झगे का घालतात, या प्रश्नावर १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो हे खरंच, पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आधीच निघून जाते. अंगाला लागणारा ताप दोन्हींत सारखाच!

पाऊस आला तर? केस भिजले की फुगतात आणि फटी बुजतात. पावसाळ्यात आपल्याकडची लाकडी दारं फुगून चौकटीत घट्ट बसतात ना, तसंच. केसांतलं नैसर्गिक तेलही पाणी अडवतं. पुन्हा ऊन पडलं की वीण मोकळी. ना कुठली कळ फिरवायची, ना वीज लागत.

हे घर एकदम जुनंही होत नाही. जमिनीलगत मांडलेल्या आडव्या मागावर लांबच लांब, अरुंद पट्टे विणले जातात आणि ते एकमेकांना शिवून छत तयार होतं. ऊन आणि ताण सर्वांत जास्त सोसतो तो मधला भाग. म्हणून नवा पट्टा मध्ये शिवायचा आणि जुने कडेकडे सरकवायचे. पार झिजलेला तेवढा काढून टाकायचा. डागडुजीची इतकी शहाणी रीत आपल्या सोसायट्यांच्या गच्च्यांना कधी लाभेल?

हे सगळं करतं कोण? बायका! सूत कातणं, विणणं, शिवणं, तंबू उभारणं, मुक्काम हलला की उतरवणं हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांचंच काम. या विणकामाला ‘सदू’ म्हणतात. युनेस्कोने २०११ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या सदूला तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतलं आणि २०२० मध्ये सौदी अरेबिया व कुवेतच्या सदूचीही नोंद केली. सहारातल्या तुआरेग लोकांत तर तंबूची मालकीणच बायको. काडीमोड झाला तर घर तिचं, बाहेर पडायचं नवऱ्याने! त्यांचे काही तंबू चामड्याचे असतात आणि एका तंबूला शेळ्या-मेंढ्यांची तीस-चाळीस कातडी सहज लागतात. नायजरच्या आयर डोंगररांगेत मात्र ताडाच्या जातीच्या डूम झाडाच्या पानांच्या चटया वापरतात. जिथे जे पिकतं, त्याचंच घर.

सर्वांत जास्त थक्क करतात त्या उत्तर केनियातल्या गाब्रा बायका. चाल्बी वाळवंटाच्या आसपास उंट पाळणारा हा समाज. निघायची वेळ झाली की बाई घर उतरवते, आणि छताच्या त्याच वाकवलेल्या काठ्या उंटाच्या पाठीवर बांधून त्यांची पालखी करते. लहान मुलं तिच्यात बसतात. नव्या जागी पोचलं की पालखीचं पुन्हा छत. घर आणि वाहन यांचं सामान एकच, त्यामुळे ओझं निम्मं! स्थापत्याच्या अभ्यासक लाबेल प्रुसिन यांनी १९९५ साली आफ्रिकेतल्या भटक्यांच्या वास्तुकलेवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि या बायकांना मानाचं पान दिलं. वास्तुविशारदांच्या यादीत त्यांचं नाव फार आधी यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

उंटावरचा असा संसार विदर्भातही दिसतो. कच्छचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन तिथे येतात. उंटाच्या पाठीवर बाज उलटी बांधलेली असते. तिच्या वर आलेल्या चार पायांच्या मध्ये गोधड्या, भांडी, कोकरं, कधी एखादं पोरही.

आता थंडीचं वाळवंट. मंगोलियातल्या गोबीत हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत घसरतो. तिथलं ‘गेर’ हे घर गोल आणि ठेंगणं असल्यामुळे वाऱ्याला धडकायला कोपराच सापडत नाही. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची घडीची जाळी, तिच्यावर मेंढीची लोकर दाबून केलेल्या नमद्याचं पांघरूण. उन्हाळ्यात खालची कड वर गुंडाळली की वारा खेळतो. दार दक्षिणेला, छताच्या मधोमध गोल झरोका. त्यातून येणारा कवडसा कुठे पडलाय ते पाहून घरबसल्या वेळ कळते! मंगोलियन सरकारने २००० साली एक लाख गेरांना सौर वीज देण्याची योजना आखली आणि २०१२ पर्यंत ती पारही पाडली. पॅनल असं निवडलं, की मुक्काम हलला की तेही सोबत निघावं.

तंबूची भुरळ शहरांनाही पडली. जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलवर तंबूच्या आकाराची २१० पांढरी छतं आहेत. मुंबईहून हजला गेलेल्या कितीतरी जणांनी त्यांच्या सावलीत रांग लावली असेल. ढाक्यात जन्मलेले अभियंते फजलूर रहमान खान या कामात होते आणि १९८३ मध्ये इमारतीला आगा खान पुरस्कार मिळाला. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना झाला ते कतारचं अल बैत स्टेडियम म्हणजेही एक प्रचंड बेदुइन तंबूच. दिसायला देखणं. पण तंबूचा खरा गुण उठून चालू लागण्याचा, तो या दोन्ही ठिकाणी हरवला.

त्याहून मोठी गोष्ट घडली अल्जीरियातल्या तिंदुफजवळ. पश्चिम सहारातले साहरावी मूळचे भटके, पण १९७५ पासून ते तिथल्या निर्वासित छावण्यांत अडकलेत. ऑक्टोबर २०१५ च्या मुसळधार पावसात तिथली मातीच्या विटांची असंख्य घरं विरघळली. छावणीतच जन्मलेल्या तातेह लेहबीब या अभियंत्याने टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा केल्या, त्यांत वाळू भरली आणि त्यांचीच गोल भिंत रचली. एका घराला सुमारे ६,००० बाटल्या. भिंत गोल असल्याने वाळूचं वादळ वळसा घालून जातं, वाळू भरलेली जाड भिंत ऊन आत येऊ देत नाही आणि पाऊस तिला विरघळवू शकत नाही. यातलं पहिलं घर त्याने बांधलं आपल्या आजीसाठी.