दक्षिण अमेरिकेसाठी किती दिवस काढावेत?

दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यावर आठवडाभरात माझा भाचा घरी आला. त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्नी, दोन मुले आणि आई यांना घेऊन दक्षिण अमेरिकेला जावे, असे त्याच्या मनात होते. सोळा दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या एका सहलीचे पत्रक त्याने टेबलावर पसरले आणि विचारले, “मामा, एवढे दिवस पुरतील ना?”

मी उत्तर देण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून सौभाग्यवती बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या पाहण्याचे कारण भाच्याला ठाऊक नव्हते. ते आज येथे लिहितो. कारण हाच प्रश्न आपल्या समाजातील अनेक कुटुंबांपुढे आता येऊ लागला आहे.

माझा चुकलेला हिशेब

निवृत्तीनंतर आम्ही उभयता अशाच एका सहलीला गेलो होतो. दिवसांची आखणी मी स्वतः तपासली होती. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने जसा विचार करावा, तसाच मी केला. विमानभाडे हा स्थिर खर्च. तो एकदा केल्यावर जितकी शहरे अधिक, तितका प्रत्येक शहरामागचा खर्च कमी. बारा रात्री आणि नऊ मुक्काम, असे कोष्टक पाहून मला समाधान वाटले होते.

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तेथून कुस्को हे इंका साम्राज्याच्या राजधानीचे शहर विमानाने सुमारे सव्वा तासावर. पण त्याची उंची सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो. आम्ही दुपारी उतरलो आणि सामान खोलीत टाकून लगेच शहर पाहायला निघालो. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळला. सौभाग्यवतींचा चौविहार कित्येक वर्षांचा. त्यांनी पाणी बंद केले आणि नवकारसीपर्यंतचे तेरा तास कोरड्या, विरळ हवेत काढायचे ठरवले. उंचीवर शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, हे मला वाचून माहीत होते. तरीही ते आणि चौविहार या दोन गोष्टी एकत्र मांडून पाहण्याचे मला सुचले नाही.

मध्यरात्री डोकेदुखी, उलट्या, धाप. डॉक्टर आले, प्राणवायू लावला आणि सकाळी खाली उतरण्याचा सल्ला दिला. पाणी घेण्याचा आग्रह मी केला, तेव्हा त्यांनी मान हलवून नकार दिला आणि पहाटेची वाट पाहिली. पहाटे सहप्रवासी माचू पिचूला निघून गेले. आम्ही दोघे लिमाला परतलो. ज्या स्थळासाठी त्यांनी या सहलीला होकार दिला होता, ते तेवढे राहून गेले. विमानात त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, शहरे सगळी मोजलीत. मला मात्र हिशेबात धरायचे राहिले.”

यात सहल कंपनीचा दोष मी धरत नाही. कागद माझ्यासमोर होता आणि त्यावर स्वाक्षरीही माझीच होती.

दिवस कोठे खर्ची पडतात

भाच्याबरोबर बसून आम्ही नवी आखणी केली. पहिली नोंद प्रवासाची. मुंबईहून तेथे थेट विमान नाही. आखातातून, आफ्रिकेतून किंवा युरोपातून विमान बदलून जावे लागते. जायला दोन आणि यायला दोन, असे चार दिवस आधीच वजा धरावेत. ब्राझीलमधील रिओची वेळ आपल्या साडेआठ तास मागे, तर पेरूची साडेदहा तास मागे. त्यामुळे पोहोचल्यानंतरचे पहिले दोन दिवस शरीर अर्धवट झोपेतच असते. या दोन दिवसांत महत्त्वाचे काही ठेवू नये.

दुसरी नोंद शहर बदलण्याची. सामान बांधणे, विमानतळ गाठणे, उड्डाण, नवी खोली मिळेपर्यंतची वाट यांत किमान अर्धा दिवस जातो, बहुधा पूर्णच जातो. पत्रकात हा दिवस नव्या शहराच्या नावावर जमा दाखवलेला असतो; प्रत्यक्षात तो खर्चाच्या बाजूला आहे.

तिसरी नोंद आपल्या आचाराची. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथे मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि तेथील बहुतेक उपाहारगृहांत रात्रीचे जेवण आठनंतर सुरू होते. नोव्हेंबरअखेर तोच सूर्यास्त पावणेआठच्या सुमारास होतो. चातुर्मासात लांबचा प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांना दोनच हंगाम मोकळे राहतात: कार्तिकी पौर्णिमेनंतरचा आणि एप्रिलअखेर ते मेअखेर. नोव्हेंबरात संध्याकाळ लांब मिळते, पण अँडीज पर्वतात पाऊस सुरू होऊ लागतो. मे महिन्यात डोंगरावरचे आकाश स्वच्छ असते, पण जेवणाची घाई होते. भाच्याच्या मुलांच्या शाळेमुळे मे ठरला. तेव्हा स्वयंपाकघर असलेली जागा घेऊन एका ठिकाणी तीन-चार रात्री राहणे, हाच उपाय उरला. एका रात्रीच्या मुक्कामात डाळ-भाताचा कुकर लागत नाही.

एकवीस दिवसांची आखणी

चार दिवस प्रवासाचे आणि सतरा रात्री तेथे, असे एकवीस दिवस आम्ही धरले. देश पाचांऐवजी तीन केले.

रिओ, ३ रात्री: येशूचा प्रसिद्ध पुतळा, समुद्रकिनारा आणि झोपेची भरपाई.

इग्वासू धबधबा, २ रात्री: येथे सुमारे २७५ प्रपात आहेत. ब्राझीलच्या बाजूने त्यांचे विस्तीर्ण दर्शन अर्ध्या दिवसात होते. अर्जेंटिनाच्या बाजूने त्यांच्या अगदी जवळून चालायला पूर्ण दिवस लागतो. पहिला मुक्काम ब्राझीलकडे आणि दुसरा अर्जेंटिनाकडे करून तेथील विमानतळावरूनच पुढे जावे. मग सीमा एकदाच ओलांडावी लागते आणि ब्राझीलच्या दुसऱ्या प्रवेशाचा प्रश्न उरत नाही.

ब्युनोस आयर्स, ४ रात्री: स्वयंपाकघरासह जागा. सपाट शहर, रुंद पदपथ, वडीलधाऱ्यांना सोयीचे.

लिमा, १ रात्र: पाच तासांच्या विमानप्रवासानंतर विश्रांती.

उरुबांबा नदीचे ‘पवित्र खोरे’, ४ रात्री: कुस्को विमानतळावर उतरून तेथे न थांबता मोटारीने थेट खाली यावे. खोऱ्याची उंची सुमारे २,८०० ते २,९०० मीटर. माचू पिचू तर त्याहूनही खाली, सुमारे २,४३० मीटरवर आहे. उंच शहरात आधी राहून मग खाली जाण्याचा क्रम आमच्या सहलीने उलटा लावला होता.

कुस्को, २ रात्री: आता शरीर सरावलेले असते.

लिमा, १ रात्र: परतीच्या विमानासाठी.

खोऱ्यातील चार रात्रींत मधे तीन पूर्ण दिवस मिळतात. भाच्याने दुसऱ्या दिवशी माचू पिचू आणि तिसरा दिवस मोकळा, असे लिहिले होते. मी क्रम बदलायला लावला. माचू पिचूचे तिकीट तारीख आणि वेळ ठरवून मिळते, दिवसाची प्रवेशसंख्या मर्यादित असते आणि ते आधीच काढावे लागते. म्हणून पहिला पूर्ण दिवस विश्रांतीचा, दुसरा राखीव आणि तिसरा माचू पिचूचा. बुडीत कर्जाची तरतूद कर्ज बुडण्यापूर्वी करायची असते. ओयांताइताम्बो स्थानकातून रेल्वेने जाऊन त्याच दिवशी परत येता येते, म्हणजे आणखी एक मुक्काम वाचतो.

चौदाच दिवस हाती असतील, तर डोंगर सोडून द्यावा आणि रिओ, इग्वासू, ब्युनोस आयर्स एवढेच निवांत पाहावे. अठ्ठावीस दिवस मिळाले आणि मंडळी तरुण असली, तरच बोलिव्हियातील सुमारे ३,६५० मीटर उंचीवरचे उयुनीचे मिठाचे मैदान जोडावे.

निघण्यापूर्वी

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी. त्या देशांतून प्रमाणपत्राविना परतणाऱ्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. साठीपुढील व्यक्तींनी ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आहाराची चिंता वाटते तेवढी नाही. बटाट्याचे मूळ माहेर अँडीज पर्वत, त्यामुळे प्रत्येक ताटात तो डोकावतो. पण राजगिऱ्याची सख्खी बहीण ‘किविचा’, किन्वा, मोठ्या दाण्यांचा मका, शेंगदाणे आणि फळे मुबलक मिळतात. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. कोंबडी, मासे, अंडी यांची नावे वेगळी घ्यावी लागतात. कांदा नको यासाठी ‘सिन सेबोया’ आणि लसूण नको यासाठी ‘सिन आहो’ म्हणावे. हा शेवटचा शब्द ऐकून आमच्या सौभाग्यवती आजही हसतात.

चौविहार पाळणाऱ्यांनी आजारपणाच्या प्रसंगी पच्चक्खाणात असणाऱ्या आगाराविषयी गुरुमहाराजांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. मध्यरात्री परक्या शहरात तो निर्णय कोणावरही टाकू नये. माझ्या बहिणीने तसे विचारून घेतले आहे आणि सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी घेण्याचा नेमही ठरवला आहे.

भाच्याने सोळा दिवसांचे पत्रक घडी करून खिशात घातले. दुकान पाच दिवस अधिक कोण पाहणार, एवढाच प्रश्न उरला होता. त्या काळात गल्ल्यावर बसायचे मी कबूल केले आहे. सौभाग्यवती मात्र दुकानात येणार नाहीत. खोऱ्यातल्या चार रात्रींसाठी त्यांनी बहिणीबरोबर आपलेही नाव लिहायला लावले आहे.