भिंत बुजण्याआधी : घरातल्या नेटवर्कच्या कपाटाविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

घराचं काम काढलं की ओट्याच्या ग्रॅनाइटवर चार बैठका होतात, टाइल्सच्या रंगावरून घरात दोन तट पडतात. इंटरनेटची वायर कुठून येणार, हा प्रश्न मात्र रंगकाम आटोपल्यावर निघतो. मग फायबरची बारीक वायर खिडकीच्या फटीतून आत शिरते, चौकटीवरून क्लिपा ठोकत टीव्हीमागे पोचते, आणि तिथे ओएनटी (फायबर जिला जोडतात ती डबी), राउटर, सेटटॉप बॉक्स, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर असे सगळे आपापल्या अ‍ॅडॉप्टरसह एका एक्स्टेन्शन बोर्डावर लोंबकळत राहतात. आमच्या घरी हे जंजाळ कित्येक वर्षं होतं. नूतनीकरणात ते उपसलं तेव्हा लक्षात आलं, की आम्हाला काय हवं ते आम्ही वायरमनला कधी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? आमच्याच डोक्यात काही समज घट्ट बसले होते. तेच इथे एकेक करून तपासू.

गैरसमज १ : वायफाय असताना भिंतीत केबल कशाला?

वस्तुस्थिती : वायफायचा सिग्नल भिंतीत अडतो. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल काँक्रीट किंवा जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे चटकन मंदावतो. अशा वेळी आपण जास्तीचं वायफाय यंत्र आणतो. पण त्यालाही इंटरनेट हवेतूनच मिळत असेल, तर तोच मार्ग दोघांत वाटला जातो. त्या यंत्रापर्यंत केबल पोचली, की खरा फरक पडतो. साधा नियम लक्षात ठेवा : जी वस्तू जागची हलत नाही तिला केबल, जी हातात फिरते तिला वायफाय. टीव्ही, अभ्यासाच्या टेबलावरचा संगणक, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर हे केबलवर गेले की हवा मोबाइलसाठी मोकळी राहते. पॅसेजच्या छतावरही एक केबल काढून ठेवा. पीओई प्रकारचा नेटवर्क स्विच असेल तर त्याच केबलमधून वीजही जाते, छताजवळ वेगळा प्लग लागत नाही.

गैरसमज २ : वर ‘कॅट-६’ छापलंय, म्हणजे केबल चांगलीच.

वस्तुस्थिती : बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबलही ‘कॅट-६’ म्हणून मिळते. कॅट श्रेणींच्या मानकांना आतली तार संपूर्ण तांब्याचीच लागते. अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या जेमतेम ६१ टक्के असते. त्यामुळे पीओईची वीज वाहताना अशी केबल जास्त तापते, कॅमेऱ्यापर्यंत दाब कमी पोचतो, आणि दोन-चारदा वाकवली की तार तुटते. परीक्षा सोपी आहे : दुकानातच तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी चमक दिसली तर ते बंडल परत करा.

उलट टोकालाही जाऊ नका. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. कॅट-६ साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते, आणि फ्लॅटमध्ये एवढं अंतर भरतच नाही. शुद्ध तांब्याची कॅट-६ घराला पुरून उरते. वेग घालवते ती बहुधा जोडणी. टोक बसवताना जोड्यांचे पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नयेत, रंगांचा क्रम ‘ए’ घ्या किंवा ‘बी’, पण दोन्ही टोकांना एकच हवा, आणि केबलचं वळण किमान अडीच सेंटिमीटर त्रिज्येचं असावं.

गैरसमज ३ : वेगळा पाइप कशाला, विजेच्याच पाइपातून ओढून घेऊ.

वस्तुस्थिती : हा हट्ट सगळ्यात घातक. ओढताना आवरण खरचटलं तर २३० व्होल्ट थेट नेटवर्कच्या केबलवर येऊ शकतात आणि तिथून उपकरणावर, हातावर. म्हणून पाइप वेगळा, भिंतीतला बॉक्सही वेगळा. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर मध्ये वीतभर अंतर ठेवा; एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडू द्या.

पाइप २५ मिलिमीटरचा घ्या आणि त्यात चारपेक्षा जास्त केबल कोंबू नका. आत नायलॉनची एक दोरी सोडून ठेवा. पाच वर्षांनी नवी केबल ओढताना ती उपयोगी पडेल. दाराबाहेरच्या डक्टपासून कपाटापर्यंत फायबरसाठीही स्वतंत्र पाइप ठेवा. मुंबई-पुण्याकडच्या अनेक नव्या उंच इमारती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ‘मायवान’ पद्धतीच्या असतात. तिथल्या काँक्रीटच्या भिंती इमारतीचा भार वाहतात, त्यांत झिरी मारू नये. अशा घरात फॉल्स सीलिंगमधून किंवा केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून केबल न्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

गैरसमज ४ : रॅक हे ऑफिसचं काम, घरात त्याला जागा कुठे?

वस्तुस्थिती : रॅकची उंची ‘यू’मध्ये मोजतात. १ यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. भिंतीवरच्या ६ यू रॅकमध्ये उपकरणांसाठी जेमतेम २६७ मिलिमीटर उंची असते, म्हणजे बाहेरून तो लहानशा टीव्हीएवढा दिसतो. मांडणी वरून खाली अशी ठेवता येते : घरभरातून येणाऱ्या केबल जिथे कायमच्या संपतात तो पॅच पॅनल, त्याखाली स्विच, मग ओएनटी आणि रेकॉर्डरसाठी दोन यूचा ट्रे, तळाशी प्लगची पट्टी. एक यू रिकामा राहतो, तो हवेसाठी आणि उद्यासाठी. भिंतीतली केबल एकतारी असते, वारंवार हलवण्यासाठी ती नसते. म्हणून ती पॅनलवर पक्की करायची आणि पुढची जोडणी मऊ, बहुतारी पॅच कॉर्डने करायची.

खरेदीआधी रॅकच्या उंचीबरोबर त्याची आतली खोलीही मोजा. उपकरणामागे प्लग आणि केबलचं वळण मावलं पाहिजे. पीओईचा हिशेबही कागदावर करा. मूळ मानकात एका पोर्टची मर्यादा १५.४ वॅट आहे, म्हणजे आठ पोर्ट पूर्ण भारले तर १२३ वॅट लागतील. स्विचची एकूण क्षमता ६० वॅटच असेल, तर आठ पोर्ट दिसतात म्हणून आठही पूर्ण वीज देतील असं नाही. विजेच्या बिलाचंही भान ठेवा : सतत ४० वॅट म्हणजे महिन्याला सुमारे २९ युनिट.

गैरसमज ५ : सगळं एका बंद कपाटात कोंबलं की दिसणार नाही.

वस्तुस्थिती : दिसणार नाही हे खरं, पण पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या राउटरचा वायफाय सिग्नल पेटीतच अडकतो. ओएनटी आणि स्विच आत चालतील. वायफाय देणारं यंत्र बाहेर, मोकळ्या जागी हवं. कपाटाला खाली आणि वर जाळी ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. बाथरूमच्या ओल्या भिंतीवर आणि गॅसच्या शेगडीजवळ कपाट नको. कोकणात दमट हवेने टोकं हिरवी पडतात, तिथे बाहेरच्या भिंतीऐवजी आतली कोरडी भिंत निवडा.

इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी मात्र या कपाटात कधीही ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. बॅटरी हवेशीर जागी राहू द्या, आणि इन्व्हर्टरच्या बाजूची एक लाइन स्वतंत्र एमसीबीवरून रॅकला द्या. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणात ओएनटी बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर त्याच्याच व्होल्टेजचा छोटा डीसी यूपीएस तो खंड भरून काढतो.

गैरसमज ६ : एमसीबी आहे, फायबर काचेची आहे; मग विजेची भीती कसली?

वस्तुस्थिती : एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो आणि अर्थिंग खरंखुरं लागतं. काचेतून वीज वाहत नाही हे बरोबर. पण खांबावरून येणाऱ्या काही फायबर केबलमध्ये आधाराला पोलादी तार असते, ती घरात आणू नये. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची केबल आणि डिशची वायर या तर धातूच्याच. वळवाच्या पावसात वीज जवळ कोसळली तर लाट त्यांच्यातून आणि विजेच्या लाइनमधूनही आत येऊ शकते. विजेच्या मुख्य बोर्डात (डीबी) सर्ज प्रोटेक्टर बसवा, रॅकच्या पत्र्याला अर्थिंग द्या. २३० व्होल्टचं हे सगळं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

गैरसमज ७ : वायरी सरळ बांधल्या की व्यवस्था झाली.

वस्तुस्थिती : सरळ वायरी डोळ्यांना बऱ्या वाटतात, पण रात्री नेट बंद पडलं की कामाला येते ती चिठ्ठी. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा : ‘हॉल-१’, ‘बेडरूम-२’. प्लास्टिकचे टाय करकचून आवळले की केबल दबते, त्याऐवजी व्हेल्क्रोच्या पट्ट्या वापरा. पॅनलमागे हातभर केबल वळसा घालून शिल्लक ठेवा. टोक खराब झालं तर कापून नवं बसवता येईल.

हे सगळं नीट होण्याची एकच वेळ असते. झिरी मारून पाइप बसले आहेत आणि प्लास्टर व्हायचं आहे, ती. रॅक पुढच्या वर्षीही घेता येतो, स्विच कधीही बदलता येतो. बुजलेली भिंत मात्र पुन्हा फोडावी लागते. म्हणून त्या दिवशी कामावर हजर राहा. प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा, पाइपांचा नकाशा कागदावर काढा आणि त्याची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उद्या ते कपाट उघडणारा माणूस तुम्ही असाल, तुमची मुलं असतील, किंवा कुणी अनोळखी वायरमन. त्याला भिंत ठोकून अंदाज बांधावा लागू नये, एवढी काळजी आजच घ्या.