पाचट जाळलं की मातीत काय होतं?

ऊस तुटला की फडाला काडी लावायची, ही आपल्याकडची जुनी सवय. जाळामुळे जिवाणू मरतात असं सगळेच सांगतात, पण आच वरच्या काही सेंटीमीटरपुरतीच असते. माझ्या मते मोठं नुकसान वेगळं आहे: खालच्या जिवाणूंचं वर्षभराचं जेवण जळून जातं. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट, त्यातला बहुतेक सगळा कर्ब धुरात!

जाळाचा फटका जिवाणूंना, तर नांगरटीचा बुरशांना जास्त बसतो. मायकोरायझा नावाची बुरशी मुळांशी जोडलेली असते. तिचे तंतू मूळ पोहोचत नाही तिथून स्फुरद आणतात. दरवर्षी खोल नांगरलं की हे जाळं तुटतं. त्यात स्फुरद खत भरमसाट टाकलं, तर पीकही बुरशीला पोसायचं कमी करतं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरणीशिवाय शेतीचा, जुनी मुळं जमिनीतच कुजू देण्याचा आग्रह धरतात, त्यामागे हाच विचार आहे.

अर्थात नुसतं पाचट पसरून भागत नाही. त्यात कर्ब भरपूर, नत्र कमी. मग जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः वापरतात आणि खोडवा पिवळा पडतो. (इथेच बरेच जण कंटाळून पुन्हा काडेपेटी शोधतात.) म्हणून पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यायचं.

मातीतला कर्ब कसा वाढतो, याचं एक उदाहरण: इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गहू घेतात. तिथे शेणखताच्या वाफ्यात सेंद्रिय कर्ब बिनखताच्या वाफ्याच्या दुपटीहून जास्त आहे. पण तो वाढायला कित्येक दशकं लागली, एका हंगामात फरक शोधू नका.