तणनाशकाला ‘औषध’ समजू नका: विषबाधेत पहिल्या दिवसाचा दिलासा फसवा का असतो?

‘उसात औषध मारलं’, ‘बांधावर औषध टाकलं’ असे आपण सहज म्हणून जातो. कीड मारणारे असो वा गवत जाळणारे, सगळ्यालाच आपल्याकडे ‘औषध’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे दवाखान्यात रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईकही एवढेच सांगतात, ‘‘डॉक्टर, औषध पोटात गेलंय.’’ कोणते, असे विचारले की उत्तर येते, ‘‘गवताचं. किडीचं नव्हे, म्हणजे फार विषारी नसेल ना?’’

या प्रश्नातच मोठा गैरसमज दडलेला आहे. काही तणनाशके कीटकनाशकांइतकीच, तर एखादे त्याहूनही घातक ठरते. म्हणून कोल्हापूर परिसरात ऊस करणाऱ्या प्रत्येक घराने पुढील माहिती जरूर वाचावी.

आपल्या शेतात कोणती तणनाशके असतात?

उसाची वाढ सुरुवातीला सावकाश होते. लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने हराळी, लव्हाळा आणि रुंद पानांची तणे उसाशी पाणी आणि खतासाठी स्पर्धा करतात. त्यामुळे तण वेळेत काढावेच लागते. पूर्वी हे काम भांगलणीने होत असे. आता मजूर मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशकाचा वापर वाढला आहे.

उसात साधारणपणे अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन आणि टू-फोर-डी ही तणनाशके वापरतात. बांध, रस्त्याकडेची जागा किंवा मोकळे रान साफ करण्यासाठी ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट यांचा वापर दिसतो. पॅराक्वाटला अनेक जण ‘ग्रामोक्सोन’ या जुन्या नावाने ओळखतात.

ही सगळी रसायने शरीरावर वेगवेगळ्या प्रकारे परिणाम करतात. त्यामुळे ‘तणनाशक’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना नेमके उपचार ठरवता येत नाहीत.

कीटकनाशक आणि तणनाशक यांच्या विषबाधेत फरक काय?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेवर आघात करतात. तोंडाला फेस येणे, खूप घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, उलट्या-जुलाब, स्नायू फडफडणे, धाप लागणे अशी लक्षणे बहुधा काही तासांतच दिसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विष न पिताही, केवळ त्वचेतून आणि श्वासातून ते शरीरात जाऊ शकते, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळले. या गटावर अॅट्रोपिनसारखे उतारे उपलब्ध आहेत आणि वेळेत दिल्यास अनेक रुग्ण वाचतात.

तणनाशकांचे तसे नाही. टू-फोर-डी जास्त प्रमाणात पोटात गेल्यास उलट्या, गुंगी आणि स्नायूंची हानी होऊ शकते. ग्लायफोसेटच्या द्रावणात पानाला चिकटून राहण्यासाठी जो साबणासारखा घटक मिसळलेला असतो, तोही रक्तदाब खाली नेऊ शकतो. या दोन्हींवर ठरावीक उतारा नाही, पण सलाईन, रक्तातील आम्लता सुधारणे आणि गरज पडल्यास डायलिसिस अशा उपचारांनी रुग्णाला सावरता येते. पॅराक्वाट मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळे आहे.

पॅराक्वाट: रुग्ण बोलतोय, चालतोय, तरी धोका कायम

पॅराक्वाट गिळल्यावर पहिल्या दिवशी तोंड आणि घशात आग होते, जीभ सोलवटते, उलट्या होतात. पण अनेकदा रुग्ण शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. घरच्यांना वाटते, संकट टळले. ‘‘बरा दिसतोय, घरी नेतो’’ असे म्हणून काही जण सही करून रुग्णाला घेऊन जातात. हाच तो फसवा दिलासा.

आत काय चाललेले असते? पॅराक्वाट रक्तात मिसळल्यावर फुप्फुसाच्या पेशी ते स्वतःच ओढून घेतात. तिथे प्राणवायूच्या मदतीने पेशींना जाळणारे घटक पुन्हा पुन्हा तयार होत राहतात. साधारण दोन ते चार दिवसांत मूत्रपिंडे आणि यकृतावर परिणाम दिसू लागतो, लघवी कमी होते. त्यानंतरच्या काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत फुप्फुसे कडक होत जातात आणि धाप वाढत जाते. विषाचे प्रमाण फार असेल तर हे सगळे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांतही घडते.

पॅराक्वाटवर आजवर कोणताही उतारा सापडलेला नाही. म्हणून पहिल्या काही तासांना फार मोल आहे. पोटातील विष शोषून घेणारा कोळसा लवकर देणे, लघवीची साधी तपासणी करून विषाचा अंदाज घेणे, डायलिसिस किंवा रक्तशुद्धीकरण करणे हे सगळे जितके लवकर होईल, तितकी आशा जास्त.

इथे नातेवाईकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. ‘‘पेशंटला धाप लागलीय आणि डॉक्टर ऑक्सिजन लावत नाहीत’’ अशी तक्रार अशा वेळी होते. पॅराक्वाटच्या विषबाधेत जास्तीचा ऑक्सिजन आगीत तेल ओतल्यासारखा ठरतो. त्यामुळे रक्तातील ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय तो दिला जात नाही. हा हलगर्जीपणा नसून उपचाराचाच भाग आहे. मनात शंका असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

विषबाधा झाली तर घरच्यांनी काय करावे?

- पोटात गेले असल्यास उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, ताक यांपैकी काहीही पाजण्यात वेळ घालवू नका. रुग्ण गुंगीत असेल तर त्याला डाव्या कुशीवर झोपवा.
- अंगावर सांडले असल्यास भिजलेले कपडे लगेच काढा आणि साबण-पाण्याने निदान १५ मिनिटे अंग धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या वापराव्यात.
- डोळ्यात गेले असल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा.
- १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गावातील दवाखान्यात प्राथमिक उपचार झाले की अतिदक्षता विभाग आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. कोल्हापूर शहरात सीपीआर हे शासकीय रुग्णालय आहे.
- बाटली सोबत आणा. रिकामी असली तरी चालेल. ती आणता येत नसेल तर लेबलचा फोटो काढा. ब्रँडच्या नावापेक्षा त्याखाली बारीक अक्षरात छापलेले रसायनाचे नाव आणि टक्केवारी डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते.
- किती वाजता, अंदाजे किती आणि उलटी झाली का, हे लक्षात ठेवून सांगा. लाजेपोटी किंवा पोलिसांच्या भीतीने खोटे सांगू नका. चुकीच्या माहितीमुळे उपचारही चुकू शकतात.

लेबलवरचा रंग काय सांगतो?

प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण या रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नका. ही विभागणी मुख्यतः प्राण्यांवरील चाचण्यांतून ठरते. पॅराक्वाटचा त्रिकोण लाल नसून पिवळा असतो, तरीही माणसासाठी ते किती घातक आहे हे आपण वर पाहिले.

रोज फवारणी करणाऱ्यांनी काय जपावे?

गळका पाठीवरचा पंप हा मोठा धोका आहे. पाठीवर, कमरेवर तासन्‌तास द्रावण झिरपत राहिले की त्वचा सोलवटते आणि सोललेल्या त्वचेतून विष अधिक वेगाने आत शिरते. पंप आधी दुरुस्त करा, मगच फवारा. चोंदलेले नोझल तोंडाने फुंकू नका. हातमोजे, बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चष्मा वापरा. फवारताना तंबाखू मळू नका, मावा खाऊ नका. काम संपल्यावर आंघोळ करा आणि ते कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. पंप विहिरीवर, ओढ्यात किंवा नदीवर धुऊ नका.

हातावर, मानेवर खाज आणि पुरळ उठले तर ते फवारणीमुळेच आहे असे धरून चालू नका. गाजर गवताच्या अॅलर्जीनेही हुबेहूब तसाच त्रास होतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तणनाशकाने कर्करोग होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ आणि टू-फोर-डीला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले. अमेरिका आणि युरोपातील नियामक संस्थांनी मात्र ग्लायफोसेटबाबत वेगळा निष्कर्ष काढला. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. शास्त्रज्ञांमध्ये याबाबत एकमत नाही. तुमच्या हातात आहे ते एवढेच: अंगावर कमीत कमी उडू देणे आणि जिथे जमेल तिथे पाचटाचे आच्छादन, आंतरपीक, कोळपणी यांनी फवारण्या कमी करणे.

बाटली कुलपात ठेवा

तणनाशक कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. तहानलेले मूल किंवा दारूच्या नशेतला माणूस ते सहज पिऊन बसतो. उरलेले तणनाशक मूळ डब्यातच, कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवा.

कुलपाचे आणखी एक कारण आहे. भांडण, कर्ज, अपयश अशा एखाद्या क्षणी माणूस टोकाचा विचार करतो. तो क्षण बहुधा ओसरतो, पण हाताशी विष असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही. श्रीलंकेत पॅराक्वाटसह काही अतिविषारी रसायने २००८ ते २०११ या काळात टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि त्यानंतर कीटकनाशक-तणनाशकांमुळे होणारे आत्महत्येचे मृत्यू घटले. घरातील कुणी गप्प गप्प असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि थेट विचारा. विचारल्याने तसा विचार मनात येत नाही, उलट मन मोकळे होते. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

आणि विष पोटात गेले असेल, तर रुग्ण कितीही ठणठणीत दिसला तरी डॉक्टर सांगेपर्यंत त्याला घरी नेऊ नका.