दोन भाकरी आणि शेताचा कोपरा

मागच्या लेखांकात आपण वल्हांडणाचा विचार केला. वल्हांडणानंतर यहुदी पंचांग भाविकाला दिवस मोजायला लावते. जवाच्या कापणीतली पहिली पेंढी याजकाने देवापुढे ओवाळायची आणि त्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे. पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण येतो, हिब्रू भाषेत शावुओत. ग्रीक बोलणारे यहुदी त्याला पेंटेकॉस्ट, म्हणजे पन्नासावा, म्हणत आणि ख्रिस्ती मंडळीने तेच नाव पुढे चालवले. ही मोजणी मुळात शेताची आहे. इस्राएलच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, जव एप्रिलच्या सुमारास पिकतो आणि गव्हाची कापणी मे-जूनमध्ये होते. तिथल्या गेझेर या ठिकाणी 1908 मध्ये ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकातली चुनखडीची एक छोटी पाटी सापडली. तिच्यावरही वर्षाचे महिने शेतकामांच्या नावांनी मोजलेले आहेत आणि जवाच्या कापणीला तिथे स्वतंत्र महिना आहे. आजच्या ख्रिस्ती वाचकाला मात्र पेंटेकॉस्ट म्हटले की प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय आठवतो: सोसाट्याचा आवाज, अग्नीसारख्या जिभा, परक्या भाषा. माझे म्हणणे असे की त्या सकाळी यरुशलेमात काय घडले हे नीट कळायचे असेल, तर आधी गव्हाच्या शेतात जायला हवे, आणि तिथेही मालकाने कापायचा सोडून दिलेला कोपरा पाहायला हवा.

सणाचा विधी लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. नव्या गव्हाच्या सपिटाच्या दोन भाकरी, त्याही खमीर घालून भाजलेल्या, देवापुढे ओवाळायच्या. खमीर वेदीवर जाळायला मनाई होती, म्हणून या भाकरी जाळल्या जात नसत. त्या याजकांच्या वाट्याला जात. अनेक ख्रिस्ती भाष्यकारांनी या दोन भाकरींत यहुदी आणि विदेशी असे दोन समाज पाहिले, खमिरात पाप पाहिले. कल्पना सुबक आहे, पण मजकूर तसे कुठेच सांगत नाही आणि तिच्यावर काही उभारणे मला धोक्याचे वाटते. लोक रोज जी भाकर खात, तीच देवापुढे आली, एवढे पुरेसे आहे. खरी लक्ष वेधणारी गोष्ट पुढे येते. अर्पणांची यादी संपते, पवित्र मेळ्याची आज्ञा होते आणि लगेच, पुढचा सण सुरू होण्याआधी, बाविसाव्या वचनात शेताचा नियम येतो: कापणी करताना कोपरे पुरते कापू नका, गळून पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी ठेवा. हा नियम एकोणिसाव्या अध्यायात आधीच सांगून झाला आहे. मग सणांच्या वेळापत्रकात तो पुन्हा का?

कोणी म्हणेल, कापणीचा विषय निघाला म्हणून ओघात आला असेल. पण त्याच अध्यायात जवाच्या पेंढीचीही कापणी आहे आणि शरद ऋतूतला मांडवांचा सण तर साऱ्या पिकाच्या साठवणीचा आहे. तिथे हा नियम नाही. तो फक्त इथे आहे. प्राचीन रब्बींनाही हा प्रश्न पडला होता. त्यांचे उत्तर असे की गरिबाचा वाटा जो नीट सोडतो, त्याने जणू मंदिर बांधून त्यात यज्ञच अर्पण केले. म्हणजे कोपरा हा अर्पणाचाच भाग झाला. अनुवादाचा सोळावा अध्याय हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. तिथे सणाच्या आनंदात कोणकोण बसावे याची यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, अनाथ, विधवा. मांडवांच्या सणालाही ही मंडळी बोलावलेली आहेत हे खरे, पण मिसरातल्या दास्याची आठवण करून देणारे वाक्य या सणाच्या आज्ञेलाच जोडले आहे. स्वतः एके काळी परक्या देशात गुलाम होतात, म्हणून आता शेजारी कोण बसतो ते पाहा, असा त्याचा रोख आहे.

हे सारे कागदावरच राहिले नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला मानला जाणारा तोबीताचा ग्रंथ कॅथोलिक बायबलात आहे आणि त्याच्या अरामी व हिब्रू प्रतींचे तुकडे कुमरानच्या गुहांत सापडले आहेत. त्यात निनवेत हद्दपारीत राहणारा तोबीत पेंटेकॉस्टच्या दिवशी भरल्या ताटासमोर बसतो आणि घास घेण्याआधी मुलाला बाहेर पाठवतो: आपल्या बांधवांपैकी कोणी गरीब भेटला तर घेऊन ये, तोवर मी थांबतो. कथा रचलेली असेल, पण तिच्या वाचकांना या दिवशी काय शोभते हे ठाऊक होते, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात या सणापासून पुढे प्रथमफळे यरुशलेमला नेणाऱ्या मिरवणुकीचे वर्णन आहे. पुढे सोनेरी शिंगांचा बैल, बासरी, श्रीमंतांच्या सोन्याचांदीने मढवलेल्या टोपल्या, गरिबांच्या सोललेल्या वेताच्या. अर्पण करताना हिब्रूत एक निवेदन म्हणायचे असे. ज्यांना ते येत नसे त्यांना याजक सांगे आणि ते मागून म्हणत. पण त्याची लाज वाटून अशा लोकांनी येणेच सोडले. तेव्हा ठरले की ज्याला निवेदन येते त्यालाही आणि ज्याला येत नाही त्यालाही, सगळ्यांनाच सांगून म्हणवून घ्यायचे. माझ्या मते या सणाचा स्वभाव या एका निर्णयात जितका उघड होतो तितका कुठल्याही अर्पणात होत नाही.

आता प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूककडे वळू. आक्षेप असा की त्याच्या वृत्तान्तात गहू नाही, भाकर नाही, सरवा नाही. त्याने फक्त तारीख दिली. पण अध्याय कुठे संपतो ते पाहावे. वाऱ्याच्या आवाजाने सुरू झालेला अध्याय मालमत्ता विकून ज्याची जशी गरज तसे वाटून देणाऱ्या, घरोघरी भाकर मोडणाऱ्या माणसांवर येऊन थांबतो. मधल्या भाषणात पेत्र योएल संदेष्ट्याचा आधार घेतो. योएलने आत्मा कोणाकोणावर ओतला जाईल म्हणून सांगितले? मुलगे, मुली, तरुण, वृद्ध, दास, दासी. अनुवादातल्या सणाच्या पंगतीची यादी शेजारी ठेवली की अर्धी नावे तीच निघतात. लूकने हे मुद्दाम जुळवले असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण धर्मशास्त्र ऐकत वाढलेल्या श्रोत्याला, त्या दिवशी, त्या शहरात, ही नावे ओळखीची वाटली नसतील असे मानणे कठीण आहे. पुढे सहाव्या अध्यायात पहिली तक्रार उठते ती ग्रीक बोलणाऱ्यांची: रोजच्या वाटपात आपल्या विधवांना डावलले जाते. त्यावर सात जण निवडले जातात आणि पात्रतेची अट असते ती आत्म्याने भरलेले असण्याची. अन्न वाटायला आत्म्याने भरलेली माणसे हवीत हे मंडळीला तेव्हा उघड वाटत होते.

पौलाचा पुरावा मला याहून वजनदार वाटतो. तो विदेश्यांचा प्रेषित. सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असे कलस्सैकरांच्या पत्रात लिहिलेले आहे आणि सणांना पुढच्या गोष्टींची छाया म्हटले आहे. त्याचा दाखला देऊन अनेक जण विचारतात, मग ख्रिस्ती माणसाला कापणीच्या सणाशी काय करायचे? पण हाच पौल पेंटेकॉस्टपर्यंत इफिसात राहीन असे करिंथकरांना कळवतो. पुढे प्रेषितांची कृत्ये सांगतात की तो इफिस टाळून निघाला, कारण शक्य तर पेंटेकॉस्टला यरुशलेम गाठायचे होते. घाई कशासाठी? त्याच्या पत्रांतून दिसते की या प्रवासाआधी त्याने मासेदोनिया आणि अखया इथल्या विदेशी मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा केली होती. सणाची वेळ त्याने एवढ्याचसाठी निवडली असे कुठे लिहिलेले नाही. तरी उपऱ्यांनी पाठवलेला वाटा घेऊन तो कोपऱ्याच्या सणाला निघाला होता ही वस्तुस्थिती राहतेच. ज्या नियमात उपरी घेणारा होता, त्यात आता तो देणारा झाला होता. छाया म्हणून बाजूला सारलेल्या सणाने पौलाची पावले अशी ठरवली असतील, तर छायेतूनही वस्तूचा आकार कळतो असेच म्हणावे लागेल.

सर्वांत गंभीर आक्षेप पेंटेकॉस्टल बंधुभगिनींचा आहे आणि तो आदराने ऐकायला हवा. त्यांच्या दृष्टीने त्या दिवसाची खूण म्हणजे अन्य भाषा. वाटप हे नंतरचे फळ. याला उत्तर शोधताना आपल्याला केडगावला जावे लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली, लॉस एंजलिसमधल्या अझुसा स्ट्रीटच्या जागृतीच्या आधी, मोठे आध्यात्मिक उज्जीवन झाले; पुढे तिथे अन्य भाषांतली प्रार्थनाही ऐकू आली. ज्यांच्या बाबतीत हे घडले त्या मुली आणि बाया कोण होत्या? मोठ्या संख्येने विधवा, अनाथ, 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांतून रमाबाईंनी उचलून आणलेल्या. अनुवादाच्या यादीतली शेवटची दोन नावे तिथे शब्दशः हजर होती. रमाबाईंनी अन्य भाषांचे दान नाकारले नाही, पण तीच एकमेव आणि आवश्यक खूण आहे हे मानले नाही; प्रेमाला त्यांनी ते स्थान दिले. केडगावात आधी अन्न, निवारा आणि अक्षरओळख आली आणि मग ते उज्जीवन आले. म्हणजे वाटप हे नेहमी नंतरचेच फळ असते असे धरून चालता येत नाही.

एक शेवटची गोष्ट सांगायलाच हवी. हा सण ख्रिस्ती अर्थात विरघळून संपलेला नाही. इसवी सन 70 मध्ये मंदिर पडल्यावर भाकरी ओवाळणे थांबले. सीनायवर नियमशास्त्र मिळाल्याची आठवण सणाच्या केंद्रस्थानी आली. निर्गमात लोक तिसऱ्या महिन्यात सीनायपाशी पोहोचतात, त्यामुळे हे नाते उपरे नव्हते. आजही यहुदी घरांत रात्रभर अध्ययन होते, दुधाचे पदार्थ होतात आणि सभास्थानांत रूथचे पुस्तक वाचले जाते. रूथ मवाबी, विधवा, परकी. बेथलेहेमात ती जवाच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंत सरवा वेचते, म्हणजे जवळपास हेच सात आठवडे. मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव लिहिले आहे. शेताचा कोपरा कोणी मालकाने पुरता कापून घेतला असता, तर ती वंशावळ तिथेच अडली असती. पुढच्या आठवड्यात मांडवांच्या सणाकडे वळू. मंडळीने आपल्या वर्षात ज्याला जागा दिली नाही असा तो एक मोठा सण आहे आणि त्याचे कारण शोधण्यासारखे आहे.